वणव्याच्या ड्युटीला जाताना सॅकमध्ये काय भरायचं? (येऊर, तीन दिवस)

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही सहा जण वनखात्याच्या लोकांबरोबर वणवा विझवायला स्वयंसेवक म्हणून जातोय. सहांत दोघी मुली आहेत. जागा ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाची बाजू, तीन दिवस दोन रात्री, मुक्काम वनखात्याच्या चौकीजवळ. फायर बीटर (आग झोडपून विझवायचं लांब दांड्याचं अवजार), ब्लोअर (पाचोळा उडवायचं पाठीवरचं यंत्र), कोयते, दाताळी खातं देणार. अंगावरचं आणि पाठीवरचं ज्याचं त्याने आणायचं आहे.

ट्रेकचा सराव सगळ्यांना आहे, आगीजवळ काम मात्र कुणीच केलेलं नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. ट्रेकचे ड्रायफिट टी-शर्ट आणि ट्रेकिंगचे बूट चालतील का? माणशी पाणी किती धरायचं? मास्क कुठला घ्यायचा? आणि सगळं मिळून पाठीवर किती वजन झालं म्हणजे जास्त झालं असं समजायचं?

रानवाट_येऊर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ठामपणे ‘नाही’. ड्रायफिट म्हणजे पॉलिस्टर, ते साधारण २५० ते २६० अंशांना वितळतं. वितळलेलं कापड कातडीला चिकटतं आणि ओढून काढायला गेलं की कातडीही निघते. सुती कापड वितळत नाही. ठिणगी पडली तर भोक पडेल, कडा धुमसेल, पण झटकता येतं, चोळून विझवता येतं. त्यामुळे आतल्या बनियनपासून वरच्या शर्टापर्यंत सगळं १०० टक्के सुती हवं. ‘आत ड्रायफिट, वर सुती शर्ट’ हीही चूकच आहे. वरचं कापड शाबूत असतानाही आतलं उष्णतेने आकसू शकतं.

दुकानात एका गोष्टीवर बारीक लक्ष ठेवा. खाकी किंवा हिरवं युनिफॉर्मचं कापड मागितलं की पुष्कळदा टेरीकॉट हातात येतं. दिसायला सुती, इस्त्री छान बसते, पण त्यात पॉलिस्टर असतं. ओळखायचं असेल तर आतल्या शिवणीजवळून दोन-तीन दोरे उपटा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुताचा दोरा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो, आणि राख बोटांत चुरली की भुकटी होते. पॉलिस्टरचा दोरा आधी ज्योतीपासून मागे आकसतो, मग वितळतो, आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. टेरीकॉटमध्ये दोन्ही दिसतं: थोडी राख आणि त्यात खरखरीत कण. कण लागला की ते कापड बाजूला ठेवा. ही परीक्षा घरी, बादलीभर पाणी शेजारी ठेवून करा.

शर्ट जाड ड्रिलचा, पूर्ण बाह्यांचा, कॉलरवाला, एक माप सैल. सैल यासाठी की कापड आणि अंग यांच्यामध्ये हवेचा थर राहिला पाहिजे. घट्ट कपड्यातून तापलेल्या हवेची आच थेट कातडीला लागते. पँट जीन्सची चालेल, पण लेबल वाचून घ्या. स्ट्रेच जीन्समध्ये इलास्टेन (ताणला जाणारा कृत्रिम धागा) असतं, ती नको.

आता बूट. ट्रेकिंगच्या बहुतेक बुटांचा मधला थर ईव्हीए नावाच्या प्लास्टिकच्या फोमचा असतो आणि तो १०० अंशांच्या आतच मऊ पडतो. तळवाही डिंकाने चिकटवलेला असतो. ज्वाळा गेल्यानंतरही जमिनीवरची राख कितीतरी वेळ तापलेली राहते, जळक्या बुंध्याच्या मुळाशी तर आत निखारे धुमसत असतात. त्यावर दोन-तीन तास चालल्यावर तळवा पुढून उघडायला लागतो, आणि मग माणूस तिथेच अडकतो. चामड्याचा, घोट्याच्या वर जाणारा, साधारण ८ इंच उंचीचा आणि शिवलेल्या रबरी तळव्याचा बूट घ्या. औद्योगिक सुरक्षेच्या बुटांवर ‘एचआरओ’ (HRO, उष्णता सोसणारा तळवा) ही खूण पाहा. ती असेल तर तळवा ३०० अंशांच्या तापल्या पृष्ठभागावर एक मिनिट टिकतो, अशी चाचणी झालेली असते. पण ज्यात पुढे स्टीलची टोपी आहे तो बूट नको. स्टील तापतं आणि बोटांना सोडत नाही. पीव्हीसीचे गमबूट अजिबात नकोत.

नवा बूट घेतलात तर आजपासून रोज घाला. निदान १५ दिवस, त्यातले चार-पाच दिवस चढ-उताराच्या वाटेवर. न रुळलेल्या बुटाने पहिल्याच दुपारी टाचेला फोड येतो. नाडी सुती किंवा चामड्याची घाला, नायलॉनची नको. आणि पँट बुटाच्या बाहेर सोडा, आत खोचू नका. खोचली तर उडालेला निखारा थेट बुटात शिरतो.

मोजे लोकरीचे उत्तम. पण बाजारात लोकर म्हणून ऍक्रिलिक सर्रास विकतात, लेबल बघितल्याशिवाय घेऊ नका. खरी लोकर मिळाली नाही तर जाड सुती घ्या आणि तीन दिवसांना सहा जोड ठेवा. सूत घाम धरून ठेवतं आणि फोड ओल्या मोज्यांनीच येतात, म्हणून दुपारच्या विश्रांतीला जोड बदलायचाच.

घणसोलीकर

कपड्यांचं वर नीट आलंय, मी पाणी आणि वजन सांगतो.

कामाच्या एका पाळीला माणशी ५ लिटर धरा. मार्चच्या ठाण्यात, चढावर, आगीच्या शेजारी तासाला साधारण एक लिटर लागतं. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, दर १५-२० मिनिटांनी चार घोट घ्यायचे. एकदम अर्धा लिटर प्यायलं तर पोटात डचमळतं, उलटीही होते. पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नका, एक-एक लिटरच्या पाच बाटल्या घ्या. एखादी फुटली किंवा हरवली तरी चार उरतात, आणि किती प्यायलो ते मोजायला सोपं जातं.

ओआरएस माणशी रोज दोन पुड्या. पुडी घेताना वजन आणि प्रमाण वाचा. डब्ल्यूएचओच्या सूत्राची मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते, ती पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची. छोटी पुडी साधारण ४ ग्रॅमची, ती २०० मिलीसाठी. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात कालवून पिणं चुकीचं आहे, मीठ जास्त होतं आणि तहान आणखी वाढते. सगळ्या बाटल्यांत ओआरएस घालू नका. एक बाटली ओआरएसची, बाकीच्या साध्या पाण्याच्या. साधं पाणी भाजलेल्या जागेवर ओतायला आणि डोळे धुवायलाही लागतं.

खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याची चिक्की. दहीभात, बटाट्याची भाजी, ओलं खोबरं घातलेलं काहीही सॅकमध्ये नको. सकाळी सातला भरलेला डबा उन्हात दुपारी एकपर्यंत आंबतो. चॉकलेटाचा लगदा होतो.

आता हिशोब. पाणी बाटल्यांसकट ५ किलो ३००, खाणं ६०० ग्रॅम, प्रथमोपचार ४००, टॉर्च आणि जास्तीचे सेल ३००, जादा शर्ट व मोजे ५००, रिकामी सॅक ९००, शिट्टी-वही-कागद-दोरी वगैरे ३००. झाले ८ किलो ३०० ग्रॅम. माझ्या मते ९ किलोच्या वर जाऊ नये, कारण हातात बीटर किंवा पाठीवर ब्लोअर येणार आहे. ज्याच्याकडे ब्लोअर असेल त्याची सॅक दुसऱ्याने घ्यायची. हे आदल्या दिवशीच ठरवा, चढावर वाद घालू नका.

वजन वाढतं ते ‘असू दे बरोबर’ म्हणून घेतलेल्या वस्तूंनी. दुसरी जीन्स, टॉवेल, पॉवर बँक, स्लीपिंग बॅग, आंघोळीचं सामान हे सगळं वेगळ्या पिशवीत घालून चौकीवर ठेवायचं. आगीवर जाताना फक्त छोटी सॅक. दोन पिशव्या घरूनच वेगळ्या भरा, चौकीवर उघडून वाटण्या करायला वेळ मिळत नाही.

सॅक शक्यतो कॅनव्हासची घ्या. नायलॉनच्या सॅकवर ठिणगी पडली की भोक पडतं, आणि खांद्याचा पट्टा वितळला तर सगळं वजन एका बाजूला येतं.

रानजाई

दोघी मुली आहेत म्हणून आवर्जून लिहिते. स्पोर्ट्स ब्रा आणि लेगिंग्ज जवळजवळ सगळ्या नायलॉन-लायक्राच्या असतात. सुती कापडाची साधी ब्रा घ्या. वेणी घालून केस कॉलरच्या आत सोडा, रबर बँड किंवा जाळी नायलॉनची नको, सुती फीत बांधा. बांगड्या, अंगठ्या, कानातलं, मंगळसूत्र घरी काढून ठेवा. धातू तापतो, आणि भाजल्यावर बोट सुजलं की अंगठी कापून काढावी लागते. मुलांनाही सांगते, मनगटातला लाल-काळा गंडा बहुतेक वेळा नायलॉनचा असतो. श्रद्धा म्हणून ठेवायचा असेल तर सुती दोऱ्याचा बांधा. मासिक पाळी येण्याची शक्यता असेल तर पॅड, कागदी पिशव्या आणि ओले वाइप्स चौकीच्या पिशवीत, एक जोड सॅकमध्येही.

गळ्यापाशी दोन हात लांब सुती पंचा ठेवा. मान झाकायला, घाम पुसायला, झोळी करून हात गळ्यात अडकवायला, सगळ्याला उपयोगी.

येऊरच्या जंगलात या दिवसांत खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा लोंबत असतात. त्यावरचे सोनेरी-तपकिरी केस मानेत शिरले की दिवस वाया जातो. चोळू नका. चिकटपट्टी दाबून लावा आणि उचला, केस पट्टीला येतात. म्हणून एक रुंद चिकटपट्टी सॅकच्या वरच्या कप्प्यात असू द्या.

धुराने आग्या माश्या उठतात. मोठ्या झाडाच्या आडव्या फांदीला पोळं दिसलं तर सगळ्यांना सांगून ठेवा आणि तिकडच्या बाजूने काम करू नका. उठल्याच तर हात न झटकता, तोंड-डोळे पंचाने झाकून त्या जागेपासून दूर पळायचं, पण आगीच्या दिशेने नव्हे. मधमाशीच्या डंखाची ऍलर्जी कुणाला असेल तर त्याने या कामाला येऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

पाचपाखाडीकर

फार उपयोगी माहिती मिळाली, मनापासून आभार. टेरीकॉटची परीक्षा आजच केली. माझा खाकी शर्ट नापास झाला, मणी चांगला टणक निघाला.

तीन गोष्टी राहिल्या. एक, तोंडाला ओला पंचा बांधावा असं आम्हाला बरेच जण सांगतात, ते बरोबर का? दोन, आमच्यातल्या एकाने चंदेरी फॉइलचं ‘इमर्जन्सी ब्लँकेट’ ऑनलाइन मागवलंय. आगीत सापडलो तर अंगावर घेता येईल असं त्याचं म्हणणं. तीन, हेल्मेट बाइकचं चालेल का?

कातळकडा

तिन्हींना नाही. कारणं देतो, म्हणजे गटात समजावून सांगता येईल.

ओला पंचा: ओलसर गरम हवा कोरड्या गरम हवेपेक्षा जास्त उष्णता आत नेते, त्याने श्वासनलिका भाजण्याचा धोका वाढतो. आगीजवळ कापड बांधायचंच असेल तर कोरडं बांधा. तसंच शर्ट भिजवून घालू नका, आच तीव्र असेल तर त्या पाण्याची वाफ होऊन अंग भाजतं. घामाने भिजलेलं चालतं, तो टाळता येत नाही. मुद्दाम बादलीत बुचकळू नका एवढंच.

मास्कचंही यातच सांगतो. एन९५ धुरातले कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अडवत नाही. मास्क घातलाय म्हणून दाट धुरात उभं राहता येत नाही. आणि तो पॉलिप्रोपिलीनचा असतो, साधारण १६० अंशांना वितळतो. ज्वाळेसमोर तो तोंडावर नको. आग विझल्यानंतर धुमसणारे ओंडके उलटवताना, राख उकरताना घाला. माणशी रोज दोन, कागदाच्या पाकिटात. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, साधी वाक्यं अडखळायला लागली तर ते धुराचं लक्षण समजा. त्या माणसाला ताबडतोब स्वच्छ हवेत आणा आणि त्या पाळीत परत पाठवू नका.

चंदेरी ब्लँकेट: ते मायलरचं असतं, मायलर म्हणजे पॉलिस्टरच. आगीत ते अंगावर वितळेल. अमेरिकेत वणवा विझवणारे कंबरेला जे घडी केलेलं आवरण बाळगतात ती वस्तू वेगळी आहे. त्यात ऍल्युमिनियमच्या फॉइलखाली सिलिका आणि काचतंतूचं कापड असतं, आणि ते वापरायचं स्वतंत्र प्रशिक्षण दिलं जातं. तेसुद्धा सगळे मार्ग बंद झाल्यावरचा शेवटचा उपाय मानतात. तुमच्या मित्राचं ब्लँकेट चौकीवर, रात्रीच्या थंडीसाठी ठेवा.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर एक फरक सांगतो, कारण तिथल्या याद्या पाहून लोक इथे सामान भरतात. तिथे एक नेमणूक साधारण १४ दिवसांची असते, दूरच्या राज्यात विमानाने जावं लागतं. म्हणून मोठ्या बॅगेला ४५ पौंड आणि अंगावरच्या सामानाला २० पौंड अशी मर्यादा आहे, म्हणजे साधारण २० आणि ९ किलो. तंबू, झोपायचं सामान, दोन आठवड्यांचे मोजे, सगळं त्यात बसवतात. आपल्याला चौकीवरून चालत जाऊन संध्याकाळी परतायचं आहे. त्यांच्या यादीतली ९ किलोची पिशवी आपल्या कामाची, २० किलोची नाही. घणसोलीकरांचा आकडा त्याच्या जवळच येतो.

हेल्मेट: बाइकच्या हेल्मेटने कान झाकले जातात, हाक ऐकू येत नाही. आतला थर्माकोल उष्णतेने बसतो आणि डोकं तापतं. कारखान्यात वापरतात ते, आयएस २९२५ (भारतीय मानकाचा क्रमांक) छापलेलं, हनुवटीच्या पट्ट्यासह घ्या. रबाळे-महापेच्या एमआयडीसी पट्ट्यात नाहीतर मुंबईत नागदेवीला मिळेल. ते उष्णतेसाठी नाही, वरून पडणाऱ्या जळक्या फांदीसाठी आणि उतारावरून गडगडत येणाऱ्या दगडासाठी आहे. सोबत बाजूने बंद असलेला गॉगल घ्या. बांबूची पेरं आगीत फुटतात आणि कपच्या उडतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका, चष्मा घाला आणि जादा चष्मा बाळगा. हातमोजे मऊ चामड्याचे. रबरी ठिपक्यांचे सुती मोजे सगळीकडे मिळतात, ते घेऊ नका, ठिपके वितळून बीटरच्या दांड्याला चिकटतात.

घणसोलीकर

वाऱ्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. सॅक कुठे ठेवायची हे त्यावर ठरतं.

आपल्याकडे या महिन्यांत सकाळी वारा साधारण जमिनीकडून, पूर्वेच्या बाजूने असतो आणि दुपारच्या सुमारास फिरून समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून जोर धरतो. सकाळी जी आगीची बाजू मंद सरकत होती तीच दुपारी तोंड होऊन पुढे धावते. त्यात चढ असेल तर आणखी वेग. उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. पारसिक आणि खारघरच्या गवताळ उतारांवर हे फार झपाट्याने घडतं, येऊरच्या सागाच्या पाचोळ्यात थोडं सावकाश. म्हणून सॅक काढून झाडाखाली ठेवून काम करायचं नाही. पाठीवरच राहू द्या, कारण परतायची वेळ आली तर तुम्ही त्या झाडाकडे परत जाणार नाही आहात.

सॅकच्या पट्ट्याला वीतभर सुती चिंधी बांधून ठेवा. शेजारी काम करणाऱ्याच्या पट्ट्यावरची चिंधी दिसत राहते आणि वारा फिरला ते कळतं.

रानवाट_येऊर

प्रथमोपचाराच्या ४०० ग्रॅममध्ये काय, ते सांगून टाकतो. निर्जंतुक गॉझचे दहा तुकडे, चार इंची क्रेप बँडेज दोन, टाचेसाठी झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी, डोळे धुवायला सलाइनच्या छोट्या कुप्या चार, चिमटा, पॅरासिटामॉलच्या गोळ्या, स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची पातळ फिल्म छोटा रोल. फिल्म भाजलेल्या जागेवर घालायला.

भाजल्यावर आधी पाणी, २० मिनिटं, सावकाश धार धरून. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही. त्यानंतर फिल्म सैलसर ठेवायची, गुंडाळून घट्ट करायची नाही. २० मिनिटं धार धरायची तर पाणी बरंच लागतं, म्हणून सहा जणांत मिळून ५ लिटरचा एक कॅन फक्त याच कामासाठी, पिण्याच्या पाण्यापासून वेगळा ठेवा. तो आळीपाळीने वाहायचा.

साप चावला तर जखम कापायची नाही, दोरी आवळायची नाही. त्या भागाची हालचाल न करता उचलून खाली आणायचं आणि १०८ला फोन. नाणेघाटात किंवा हरिश्चंद्रगडावर नेता तसला स्नायूदुखीचा स्प्रे, डिओडरंट, लायटर सॅकमध्ये नको. दाबाचे डबे तापून फुटतात. आणि लायटर कशालाच लागत नाही. समोरून आग लावून वणवा थोपवायचा निर्णय खात्याचा असतो, स्वयंसेवकाचा नाही.

भरताना क्रम असा: तळाला जादा शर्ट आणि मोजे, त्यावर खाणं, पाठीला लागून बाटल्या, वरच्या कप्प्यात प्रथमोपचार आणि चिकटपट्टी. टॉर्च, शिट्टी आणि हातमोजे सॅकमध्ये नाहीत, अंगावर. टॉर्च हेल्मेटला बसणारी, सेल आदल्या रात्री नवे. मोबाइल शर्टाच्या खिशात नको, आचेने तापून बंद पडतो. सॅकमध्ये पाठीच्या बाजूला, पंचाच्या घडीत ठेवा. डोंगराच्या आतल्या घळीत रेंज जाते. तेव्हा वनरक्षकाचा, चौकीचा, वनखात्याचा १९२६, अग्निशमनचा १०१ आणि घरचा असे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. बॉलपेनने लिहा, शाईच्या पेनने लिहिलेलं घामाने फुटतं.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि वणव्याच्या दिवसांत तर वनरक्षकाला सोडून एकट्याने पुढे जाऊच नका. नावांच्या यादीची एक प्रत त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. संध्याकाळी चौकीवर यादीवरून एकेकाचं नाव घ्या आणि सहाही आले की मग बूट सोडा.

पाचपाखाडीकर

समजलं. शनिवारी सहाही जण कपड्यांची आणि बुटांची तपासणी करतोय, प्रत्येकाची सॅक भरून तराजूवर ठेवणार. बूट एकाचे स्टीलच्या टोपीचे आहेत, ते बदलावे लागतील. बाकी काही अडलं तर इथेच विचारतो.